हिरा ओळखणारे पेन : नकार पक्का, होकार कच्चा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या वॉशिंग मशीनच्या तळाची गाळणी उघडली, तेव्हा दोऱ्यांच्या ओल्या गुंत्यात एक पांढरा, गोल, पैलू पाडलेला खडा सापडला. त्या गाळणीत एरवी सुटी नाणी आणि केसांच्या पिना निघतात. खडा नळाखाली धुऊन खिडकीशी धरला, तसे त्यातून निळे, तांबडे, केशरी कवडसे बाहेर पडू लागले. घरातल्या कोणाच्याही दागिन्यातला खडा गळालेला नाही हे तपासून झाल्यावर एकच प्रश्न उरला, तो म्हणजे हा हिरा आहे की नाही. त्याच सुमारास सिन्नर तालुक्यातल्या आमच्या शेतात दादाने विहीर खोल करायचे काम काढले होते, आणि सुरुंगाने फुटलेल्या कातळातून निघालेले पाण्यासारखे नितळ स्फटिक त्याने बिस्किटांच्या डब्यात भरून माझ्याकडे नाशिकला पाठवले होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ‘तू हे सगळं शिकवतेस ना, मग बघून सांग,’ एवढाच त्याचा निरोप होता.

या दोन्ही प्रश्नांसाठी मी खिशात मावणारे हिरा-परीक्षक यंत्र विकत घेतले. सराफ बाजारात त्याला ‘डायमंड टेस्टर’ किंवा नुसते ‘पेन’ म्हणतात. तीन महिने मी ते घरातल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खड्यांवर वापरले आणि त्यातला एक खडा शेवटी मुंबईच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत नेला. हे परीक्षण त्या पेनाचे आहे, आणि पेनाचे काम संपते तिथून पुढे प्रयोगशाळा काय करते याचेही आहे.

आधी पेन कसे चालते ते सांगते, कारण त्याचे गुण आणि दोष दोन्ही एकाच गोष्टीतून येतात. हिरा उष्णता विलक्षण वेगाने वाहून नेतो. तांबे हे उत्तम उष्णतावाहक म्हणून आपण शाळेत शिकलेलो असतो, पण हिरा तांब्याच्याही सुमारे पाचपट सरस आहे. पेनाच्या टोकाला तांब्याची बारीक सुई असते आणि ती आतून तापवलेली असते. सुई खड्याला टेकली की खडा तिच्यातली उष्णता किती झपाट्याने ओढून घेतो हे यंत्र मोजते आणि त्याप्रमाणे दिव्यांची रांग उजळते. काच, स्फटिक, अमेरिकन डायमंड हे सगळे उष्णतेच्या बाबतीत मंद असल्यामुळे त्यांच्यावर दिवे पुढे सरकत नाहीत. हिऱ्यावर टेकताच रांग शेवटपर्यंत उजळते आणि यंत्र टिटि असा आवाज करते. म्हणजे पेन खड्याची चमक बघत नाही, काठिण्य बघत नाही आणि रासायनिक घडणही तपासत नाही. खडा उष्णता किती वाहतो, एवढा एकच प्रश्न ते विचारते.

पहिले पेन मला परत करावे लागले. ऑनलाइन मागवलेल्या त्या साडेसहाशे रुपयांच्या पेनाने चहाच्या काचेच्या पेल्यालाही हिरा ठरवले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या अंगठीतल्या, पावतीसह घेतलेल्या हिऱ्यावर मौन पाळले. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण त्या एका दिवसात कोणी त्याच्या भरवशावर एखादा खडा विकून टाकला असता किंवा फेकून दिला असता, या विचाराने मी अस्वस्थ झाले. म्हणून पेन घेणाऱ्याला माझे पहिले सांगणे हे, की ज्याच्याविषयी शंका नाही असा एक हिरा आणि एक काचेचा तुकडा जवळ ठेवावा आणि दर वेळी आधी त्या दोघांवर पेन चालवून बघावे. अठराशे रुपयांचे दुसरे पेन या कसोटीला तिन्ही महिने उतरले.

हे दुसरे पेन वापरायला सोपे आहे, मात्र त्याला शिस्त लागते. चालू केल्यावर सुई तापायला साधारण अर्धा मिनिट द्यावे लागते. यंत्राच्या पाठीवर एक छोटा तक्ता छापलेला आहे. खोलीचे तापमान आणि खड्याचा आकार बघून सुरुवातीला किती दिवे लावून ठेवायचे ते त्यावरून ठरते. हा तक्ता न वाचता पेन वापरले तर लहान खड्यांच्या बाबतीत उत्तर हमखास चुकते. सुई खड्याच्या वरच्या सपाट पैलूवर काटकोनात टेकवावी लागते. ती तिरपी झाली की दिवे अर्ध्यावरच थांबतात. सुटा खडा बोटांत न धरता यंत्रासोबत मिळणाऱ्या खळग्यांच्या धातूच्या पट्टीत ठेवावा. एकाच खड्यावर लागोपाठ चाचण्या घेतल्या तर खडा स्वतःच कोमट होतो आणि उत्तर फसवे येते, त्यामुळे मध्ये मिनिटभर थांबावे. सुई चुकून कोंदणाच्या सोन्याला टेकली तर वेगळा, सलग आवाज येतो, आणि ही सोय मला फार उपयोगी वाटली, कारण आईच्या कुड्यांसारख्या दागिन्यात खडे इतके लहान आणि कोंदण इतके घट्ट, की सुई सोन्याला लागल्यावाचून राहत नाही. दोन मिलिमीटरहून लहान खड्यांवर मी या पेनाचे उत्तर धरत नाही.

आता दादाच्या विहिरीतले स्फटिक. त्यांच्यावर पेनाचा एकही जादा दिवा लागला नाही. तीन निरनिराळे तुकडे, प्रत्येकाच्या दोन-दोन बाजू, मधे पुरेशी विश्रांती, तरीही उत्तर तेच. खरे तर पेन नसते तरी ते ओळखता आले असते. चौकोनी खांबासारखा आकार, उभ्या बाजूंवर बारीक समांतर रेघा, आणि माथ्याच्या सपाट भागावर हिऱ्याची तीक्ष्ण झळाळी नसून मोत्यासारखी सौम्य चमक, ही अपोफिलाइट या खनिजाची ठेवण आहे. एका फुटलेल्या तुकड्यावर मी पोलादी चाकूचे टोक ओढले आणि पांढरा चरा उमटला. अपोफिलाइटचे काठिण्य मोह्सच्या एक ते दहाच्या श्रेणीत साडेचार ते पाच एवढेच आहे, तर हिऱ्याचे दहा, त्यामुळे चाकूने चरा पडणारा कोणताही खडा हिरा असू शकत नाही. (हा प्रयोग फक्त कच्च्या, फुटक्या तुकड्यावर करावा, पैलू पाडलेल्या खड्यावर कधीही करू नये.)

दादा थोडा खट्टू झाला, म्हणून त्याला कारणही सांगितले. हिरे जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहूनही खोल तयार होतात आणि किंबरलाइट किंवा लँप्रॉइट नावाच्या विशिष्ट खडकांच्या नळ्यांतून वर येतात. मध्य प्रदेशातल्या पन्न्याजवळची मझगवांची खाण अशाच नळीवर आहे. नाशिक, पुणे, नगर, जळगाव भागातला काळा कातळ हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे. त्यात हिरे नसतात. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत पुढे पाण्यातल्या क्षारांपासून हे देखणे स्फटिक वाढतात. महाराष्ट्रात हिऱ्यांची जुनी ख्याती आहे ती गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडची, आणि वैरागड या काळ्या कातळाच्या बाहेर, फार जुन्या खडकांच्या मुलखात आहे. आपल्या विहिरींतले स्फटिक मात्र टाकाऊ नाहीत. सिन्नरच्याच गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचे जे नमुने ठेवले आहेत, ते बघितल्यावर दादाने डब्यातले निम्मे स्फटिक परत मागून घेतले आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात मांडले. ‘हिरा तो हिरा, गार ती गार’ असे आपण सहज म्हणून जातो, पण गारेलाही तिचे रूप असते.

गाळणीतल्या खड्याची गोष्ट अवघड होती. त्याच्यावर पेन टेकवले आणि पहिल्याच झटक्यात सगळे दिवे लागले, टिटि वाजले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. खडा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा होता, आणि या मापाचा गोल हिरा वजनाला एका कॅरटच्या आसपास भरतो, म्हणजे मोठ्या किमतीची वस्तू माझ्या हातात होती असे पेन सांगत होते. अनेक जण इथेच थांबतील आणि म्हणूनच मला हे लिहावेसे वाटले, कारण या घडीला पेनाने मला खरे पण अपुरे उत्तर दिले होते.

उष्णता हिऱ्यासारखीच झपाट्याने वाहणारा आणखी एक पांढरा खडा बाजारात आहे, त्याचे नाव मॉयसनाइट. रसायनशास्त्रात तो सिलिकॉन कार्बाइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांना १८९३ मध्ये ॲरिझोनातल्या उल्काविवरातून आणलेल्या नमुन्यांत हे स्फटिक सापडले, तेव्हा खुद्द त्यांनीही ते आधी हिरे समजले होते, आणि ते सिलिकॉन कार्बाइड आहे हे ठरायला १९०४ साल उजाडले. निसर्गात तो फार दुर्मिळ आहे; दागिन्यांत दिसतो तो कारखान्यात वाढवलेला, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तो बाजारात आहे. केवळ उष्णता मोजणारे पेन हिरा आणि मॉयसनाइट यांच्यात फरक करू शकत नाही. माझ्या पेनाच्या खोक्यावर ही गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती आणि या पेनाविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

पुढचा तपास दहापट भिंगाने केला. हे भिंग दोन-तीनशे रुपयांना मिळते आणि माझ्या मते पेनाच्या आधी ते घ्यावे. मॉयसनाइटमध्ये प्रकाशाचा किरण दुभंगतो, हिऱ्यात दुभंगत नाही. त्यामुळे मॉयसनाइटमधून पलीकडच्या बाजूच्या पैलूंच्या कडा पाहिल्या तर त्या दुहेरी दिसतात. मात्र वरच्या सपाट पैलूतून सरळ खाली पाहिले तर हे दिसत नाही, कारण कापणारे कारागीर स्फटिकाची दिशा मुद्दाम अशी धरतात की तिथून किरण दुभंगू नये. मी आधी तसेच पाहिले आणि फसले. खडा चिमट्यात धरून तिरपा केला, कडेच्या पतंगाच्या आकाराच्या पैलूतून आत पाहिले, आणि पलीकडच्या कडांची प्रत्येक रेघ जोडीने दिसू लागली, जणू कोणी वहीत एकच ओळ पेन न उचलता दोनदा गिरवली असावी. शिवाय आत एकमेकींना समांतर अशा दोन-तीन अतिशय बारीक, सुईसारख्या पांढऱ्या रेषा होत्या. त्याही मॉयसनाइटच्याच ओळखीच्या.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारा तराजू आहे. प्राचार्यांची परवानगी घेऊन सुट्टीच्या दिवशी खडा आधी हवेत आणि मग बारीक तारेच्या झोळीत ठेवून पाण्यात तोलला. हवेत ०.१७८ ग्रॅम, पाण्यात ०.०५५ ग्रॅमची घट, भागाकार ३.२४, म्हणजे खडा पाण्याच्या ३.२४ पट जड. हिऱ्याची सापेक्ष घनता ३.५२, मॉयसनाइटची ३.२२. खड्यावर हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी हे गणित कोलमडते, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकला होता आणि मोजणी चार वेळा केली होती. अमेरिकन डायमंडची घनता साडेपाचच्या वर असल्यामुळे तो या पद्धतीने तत्काळ बाजूला पडतो. पांढरा पुष्कराज (टोपाझ) मात्र हिऱ्याच्या अगदी जवळ, ३.५६ च्या आसपास येतो, म्हणून फक्त घनतेवरही कोणी भरवसा ठेवू नये. पुष्कराजाला पेन सहज पकडते. पेन, भिंग आणि तराजू एकत्र वापरले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

घरगुती उपायांविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण शेजारच्या प्रत्येकाने मला त्यातला एकेक सुचवला. खडा पाण्यात बुडाला तर हिरा, हे निरर्थक आहे, कारण काचसुद्धा बुडते. फुंकर मारून वाफ किती लवकर उडते ते पाहण्याने काच वेगळी काढता येते, पण मॉयसनाइटवरूनही वाफ तितक्याच लवकर उडते. काचेवर चरा ओढून पाहणे हा तर नुकसानीचा मार्ग आहे, कारण साधी गारगोटीदेखील काचेवर चरा पाडते आणि खड्याची कड उडू शकते ती वेगळीच. सर्वांत घातक समजूत म्हणजे हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही ही. हिरा कठीण आहे, म्हणजे त्याच्यावर ओरखडा उठत नाही. पण चार ठरावीक दिशांना तो चिरतो आणि योग्य जागी घाव बसला तर त्याचे तुकडे होतात. खरा हिरा सिद्ध करण्याच्या नादात तो फोडून टाकण्याइतकी दुःखाची गोष्ट नाही.

खात्रीसाठी खडा मी मुंबईत ऑपेरा हाउस परिसरातल्या एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत नेला. तिथल्या सेवेविषयी मला चांगलेच लिहायचे आहे. काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर खडा तोलला, वजन पावतीवर लिहिले आणि त्यावर माझी सही घेतली, आणि सापडलेला खडा आहे हे सांगितल्यावर कोणतेही कुतूहल न दाखवता ‘ओळख’ एवढीच चाचणी करून घ्या, प्रतवारीचे पैसे घालवू नका, असा सल्ला दिला. हिऱ्याच्या रंगाची, शुद्धतेची आणि कापाची प्रतवारी हे वेगळे आणि महागडे काम आहे. खडा हिराच नसेल तर ते व्यर्थ जाते. चार दिवसांनी अहवाल मिळाला. वजन ०.८९ कॅरट, माप, छायाचित्र, आणि निष्कर्षाच्या रकान्यात ‘सिंथेटिक मॉयसनाइट’. अहवालाचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो, आणि तो मी तिथल्या तिथे पडताळून पाहिला.

ज्यांचा खडा खरोखर हिरा निघेल त्यांनी तर प्रयोगशाळेत जायलाच हवे, कारण पुढचा प्रश्न कोणतेही पेन आणि कोणतेही भिंग सोडवू शकत नाही. हा हिरा जमिनीतला की कारखान्यात वाढवलेला? आज सुरतेत असे हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि ते खोटे नाहीत. तेही शुद्ध कार्बनचे, तितकेच कठीण, उष्णता तितकीच वाहणारे हिरे आहेत. म्हणून पेन त्यांनाही होकार देते आणि तो होकार चुकीचा नसतो. फरक आहे तो किमतीत, आणि तो फार मोठा आहे. प्रयोगशाळा अवरक्त किरणांनी हिऱ्यातल्या नायट्रोजनचा माग काढते, आणि लघुतरंग अतिनील प्रकाशात त्याच्या वाढीचे थर पाहते. निसर्गात आठही दिशांनी वाढलेला हिरा आणि यंत्रात थरावर थर चढवलेला हिरा यांची ती नक्षी निराळी दिसते. पुष्कळदा वाढवलेल्या हिऱ्याच्या कडेवर लेझरने क्रमांक कोरलेला असतो, बऱ्याचदा ‘एलजी’ (लॅब-ग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला) अक्षरांनी सुरू होणारा, आणि तो चांगल्या भिंगाखाली घरीही वाचता येतो, पण कोरीव क्रमांक नाही म्हणून हिरा नैसर्गिक, असा उलटा अर्थ मात्र काढू नये.

मॉयसनाइट ओळखणारी जोडपेनेही मिळतात; ती उष्णतेबरोबर विजेचे वहन तपासतात, कारण मॉयसनाइट थोडी वीज वाहू देतो आणि बहुतेक हिरे देत नाहीत. मी एका सराफांकडे असे पेन वापरून पाहिले आणि गाळणीतल्या खड्याला त्याने बरोबर ओळखले. तरी ‘बहुतेक’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण बोरॉन असलेले हिरेही वीज वाहतात आणि काही मॉयसनाइट वीज इतकी कमी वाहतात, की यंत्र त्यांना हिऱ्यात ढकलते.

अहवाल आल्यावर मी इमारतीच्या सूचनाफलकावर, खड्याचे वर्णन न देता, एक वस्तू सापडल्याची चिठ्ठी लावली. दुसऱ्याच संध्याकाळी तळमजल्यावरची नवी सून दारात उभी राहिली. नवरात्रात त्यांचे मशीन बिघडले होते तेव्हा ती चार दिवस आमच्याकडे कपडे धुऊन नेत होती. ‘काकू, माझ्या अंगठीतला खडा गाडीवरून जाताना पडला असं मी धरून चालले होते, घरात कोणाला सांगितलं नाही,’ असे म्हणून तिने रिकामी अंगठी पुढे केली. चारपैकी एक नखी वाकलेली होती आणि खडा तिच्यात अचूक बसला. अंगठी साखरपुड्याची होती आणि दुकानात तो हिरा म्हणून सांगितला गेला होता. अहवाल तिच्या हातात देताना मला फार जड गेले. बिलावर पाहिले तर सोन्याचे वजन, अठरा कॅरटची शुद्धता आणि सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक सगळे चोख होते, पण खड्यापुढे फक्त ‘स्टोन’ एवढाच शब्द होता. हॉलमार्क सोन्याविषयी बोलतो, खड्याविषयी नाही. आणि सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता, खड्याचा कॅरट म्हणजे वजन, पाच कॅरटचा एक ग्रॅम. ही दोन्ही माहिती दागिना घेताना दुकानातच कळायला हवी.

पेनाला माझ्याकडून पाचपैकी तीन गुण. सापडलेला खडा काच, गार, पुष्कराज किंवा अमेरिकन डायमंड आहे का, हे ते दोन मिनिटांत आणि भरवशाने सांगते, आणि त्या उत्तरासाठी अठराशे रुपये मला जास्त वाटत नाहीत. त्याने होकार दिला तर त्याचा अर्थ ‘हिरा किंवा मॉयसनाइट, नैसर्गिक किंवा वाढवलेला’ असा लावावा आणि खडा प्रयोगशाळेत न्यावा. वापर झाल्यावर बॅटरी काढून ठेवावी आणि सुईवर टोपण लावावे. माझी सुई एकदा वाकली होती आणि ती सरळ करायला घड्याळवाल्याची मदत घ्यावी लागली.

अहवाल घेऊन ती मुलगी नवऱ्याबरोबर दुकानात गेली, तेव्हा दुकानदाराने किमतीतला फरक परत केला आणि नव्या बिलावर ‘मॉयसनाइट, ०.८९ कॅरट’ असे स्वतःच्या हाताने लिहून दिले. खडा तिने त्याच अंगठीत पुन्हा बसवून घेतला आहे, नख्या या वेळी सहा.